वजनकाटा हलेना, आणि शनिवारचं पान कोरं

पत्र थोडक्यात : वय ३४, वजन ८६ किलो. सात महिन्यांपासून आठवड्यातून चार दिवस जिम, सोमवार ते शुक्रवार खाणं मोजूनमापून, साखर बंद. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले, त्यानंतर काटा जागचा हलत नाही. दारू "फक्त वीकेंडला" : शुक्रवारी तीन लार्ज, शनिवारी चार, व्हिस्की आणि साधा सोडा, कोल्ड्रिंक नाही. त्या दोन रात्री जेवण टाळतात म्हणजे हिशोब बरोबर बसतो. रविवारी सकाळी सातला जादा कार्डिओ करून ती "घामातून काढून टाकतात". प्रश्न तीन. व्हिस्कीऐवजी व्होडका घेतली तर फरक पडेल का? एका मित्राने दारू सोडून गांजा धरला आणि तो बारीक झाला, तो मार्ग बरा का? जिममधला एकजण 'फॅट कटर' गोळ्या देतोय, त्या महिनाभर घ्याव्यात का? ता. क. : ग्रुपमध्ये आपण एकटेच न पिता बसलो तर कसंतरीच वाटतं. सही : 'अडकलेला काटा'.

प्रिय अडकलेला काटा,

पत्र मी दोनदा वाचलं, पण सोबत जोडलेले ॲपचे स्क्रीनशॉट मात्र पाच-सहा वेळा पाहिले. काय ठेवलंय हो लिहून! मंगळवारच्या दुपारच्या वाटीचं वजन ग्रॅममध्ये, बुधवारी खाल्लेलं अर्धं सफरचंदसुद्धा. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर पान कोरं. शनिवार कोरा. रविवारी एकदम दुपारी चारला एक ब्लॅक कॉफी. चारही आठवडे तसंच. तुम्ही माझ्याशी खोटं बोललेला नाहीत, पत्रात पेग मोजून लिहिलेत, फक्त ॲपला सांगायचं राहून गेलं, आणि माझा अंदाज विचाराल तर काटा नेमका त्या कोऱ्या जागेत अडकलाय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि दारूचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांतलीही नाही. पण तुम्ही हिशोबाने चालणारे दिसता, म्हणून हिशोबापासूनच सुरू करू.

अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. साखरेत आणि प्रोटीनमध्ये ४, फॅटमध्ये ९. म्हणजे दारू साखरेपेक्षा तेलाच्या जवळची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं कारण ती पाण्यासारखी दिसते आणि पाण्यासारखी पोटात जाते. ४० टक्क्यांची कुठलीही दारू घ्या, ६० मिलीत, म्हणजे एका लार्ज पेगमध्ये, साधारण १९ ग्रॅम अल्कोहोल येतं, म्हणजे १३० कॅलरी. व्हिस्की असो, व्होडका असो, रम असो, आकडा तोच, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न इथेच निकालात निघाला. कोल्ड्रिंक टाळता हे चांगलंच करता, ग्लासामागे साठ-सत्तर कॅलरी वाचतात, पण "साखर नाही म्हणजे धरायचं नाही" असं जे तुमच्या डोक्यात बसलंय ते काढून टाका. सात पेगचे ९०० झाले.

तेही पेग खरंच ६० चे असले तर. गेल्या वर्षी मी घरी एक गंमत केली, नवऱ्याला म्हटलं नेहमीसारखा भर, डोळ्याने, आणि मग तो पेग खोकल्याच्या औषधाच्या मापाने परत मोजला. १५, ३०, ४५, ६०, ७५, आणि तळाला अजून होतीच. तो म्हणाला ग्लास रुंद आहे त्यामुळे अंदाज चुकतो. मग अरुंद ग्लासात बघितलं तर त्यातही ७० निघाली, तेव्हा तो काही बोलला नाही. तुम्ही मित्राच्या घरी बसता, ओतणारा हात मित्राचा असतो, तो काही हात आखडता घेत नसणार. ८० चा पेग धरला तर सात पेगचे १२०० होतात. आता तुमचंच ॲप बघा, सोमवार ते शुक्रवार तुम्ही रोज गरजेपेक्षा ३०० कॅलरी कमी खाताय, पाच दिवसांचे दीड हजार. त्यातले बाराशे ग्लासातच गेले. आणि अजून मी खाण्याकडे वळलेच नाहीये.

"त्या रात्री जेवण टाळतो." हे वाक्य मला फार पत्रांत भेटतं, बायकांच्या पत्रांत तर जास्तच. कल्पना अशी की दारूच्या कॅलरी आल्या तर जेवणाच्या काढून टाकू, वहीत जमाखर्च जुळला. पण रिकाम्या पोटी दारू भराभर रक्तात जाते, चढते लवकर, आणि चढली की सगळ्यात आधी जातो तो हिशोब. त्यात दारू भूकही खवळवते. २०१७ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की मेंदूतल्या ज्या पेशी उपाशीपोटी जाग्या होऊन "खा, खा" म्हणतात, त्याच पेशी अल्कोहोलने पेटतात. उंदीर काही कुणाच्या आग्रहाला बळी पडून खात नव्हते! तेव्हा तुम्ही जेवण टाळलंत हे मी मानते, पण रात्री दीड वाजता काय खाल्लंत ते पत्रात नाही, आणि समोरचा चकणा जेवणात धरायचा की नाही हेही नाही. सात महिने दर शनिवारी चार लार्ज रिचवून एखादा माणूस खरंच उपाशी झोपला असेल तर त्याचा जाहीर सत्कार करायला पाहिजे.

आता एक गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण सगळं इथे आहे. अल्कोहोल साठवायला शरीरात जागाच नाही. फॅट साठतं, साखर थोडीफार साठते, पण ही आली की वापरून संपवावीच लागते, त्यामुळे लिव्हर हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवून आधी हिचा निकाल लावतं. तोवर फॅट जाळण्याचं काम मंदावतं. १९९९ सालच्या एका प्रयोगात आठ तरुणांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं, म्हणजे तुमचा सव्वा पेग, आणि नंतरचे काही तास त्यांच्या शरीरातलं फॅट जळणं ७३ टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात हेही दिसलं की दारूचं स्वतःचं चरबीत रूपांतर जेमतेम होतं, ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पोटावर जे चढतं ते बहुतेक करून दारूसोबत आणि दारूनंतर खाल्लेलं असतं, जे एरवी जळलं असतं पण त्या रात्री रांगेत मागे उभं राहिलं. म्हणून मी म्हणते ग्लासाकडे कमी बघा आणि ग्लासाच्या आजूबाजूच्या दीड दिवसाकडे जास्त.

तो दीड दिवस कसा जातो ते शनिवारपुरतं मांडून बघू. चार पेग म्हणजे साधारण ७६ ग्रॅम. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम हातावेगळं करतं, माणसागणिक कमीजास्त, पण घाई त्याला करता येत नाही, ना कॉफीने ना गार पाण्याच्या आंघोळीने. रात्री नऊला बसलात तर सगळं निपटायला सकाळचे पाच ते आठ वाजतात. आणि सातला तुम्ही ट्रेडमिलवर! म्हणजे अजून थोडी रक्तात असू शकते. (जिमला गाडी चालवत जात असाल तर त्याचाही विचार करा, "रात्रीची होती, झोप झाली" हे रक्ताला कळत नाही.) घामातून निघते ही तर निव्वळ समजूत आहे, श्वास, लघवी आणि घाम तिन्ही मिळून फार तर दहा टक्के बाहेर जाते, बाकी सगळी लिव्हरच्याच वाट्याला. उलट दारूने आधीच लघवीवाटे पाणी गेलेलं, झोप तुटलेली, नाडी वाढलेली, त्यात तुम्ही जादा कार्डिओ लावता. सुट्टीच्या दिवसांत मनसोक्त पिऊन आल्यावर हृदयाचे ठोके चुकायला लागलेल्या लोकांसाठी डॉक्टरांनी १९७८ सालीच एक नाव काढून ठेवलंय, हॉलिडे हार्ट. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, पण रविवारचा तो कार्डिओ या आठवड्यापासून बंद करा, ती शिक्षा आहे, व्यायाम नाही. चालून या पाहिजे तर.

झोपेचं म्हणाल तर दारू पिऊन झोप लवकर लागते हे खरंय आणि त्यामुळेच सगळे फसतात. रात्रीचा पहिला भाग गाढ जातो, मग दारू उतरायला लागली की तीन-चारच्या सुमाराला जाग, घसा कोरडा, छातीत धडधड, स्वप्नाची झोप कमी पडलेली, आणि घोरणाऱ्यांचं घोरणं वाढलेलं. अशा झोपेनंतरच्या दिवशी भूक जास्त लागते आणि चमचमीतच हवंसं वाटतं, ते तुमच्या मनाचा कमकुवतपणा म्हणून खात्यावर टाकू नका, झोप कमी पडल्याची भूक असते ती. आणि सोमवारी जिममध्ये वजनं जड लागतात असं तुम्ही एका ओळीत सहज लिहून गेलात ना, तेही याच खात्यातलं.

स्नायूंबद्दल २०१४ सालचा एक चांगला प्रयोग आहे, व्यायामानंतर दारू दिली तर स्नायू घडवायचं काम किती मंदावतं ते मोजलं होतं. सोबत प्रोटीन घेतलं तरी २४ टक्के घट, प्रोटीनऐवजी नुसतं कार्ब घेतलं तर ३७ टक्के. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात दारू भरपूर दिली होती, तुमच्या वजनाला लावली तर तुमचे सातही पेग एका रात्रीत. त्यामुळे तुमचं तेवढं नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही पाय आणि पाठ असा सगळ्यात जड व्यायाम शुक्रवारी संध्याकाळी ठेवलाय आणि तिथूनच थेट बसायला जाता, हे म्हणजे पेरणी करून लगेच त्यावरून गाडी फिरवण्यातला प्रकार झाला. जड दिवस मंगळवार-बुधवारकडे न्या. यात काही सोडायचंही नाहीये, फक्त वेळापत्रक बदलायचंय.

आता तुमचा मित्र. गांजा ओढून माणूस बारीक होतो का? ओढणाऱ्याला आधी भयंकर भूक लागते हे तर सगळ्यांना माहीत आहे, मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या कुलपासारख्या जागेवर) गांजा बसतो तोच भुकेशी जोडलेला आहे. तोच रिसेप्टर बंद करणारी वजन कमी करायची गोळी २००६ साली युरोपात निघाली होती, रिमोनाबँट नावाची, वजन उतरायचं पण लोकांना नैराश्य यायला लागलं, आत्महत्येचे विचार यायला लागले आणि २००८ मध्ये ती बाजारातून काढावी लागली. भूक आणि मन इतकं एकात एक गुंतलेलं आहे. आता दुसरी बाजू, कारण तुम्ही शोधायला गेलात की ती सापडणारच : मोठ्या पाहण्यांमध्ये गांजा ओढणाऱ्यांत लठ्ठपणा न ओढणाऱ्यांपेक्षा कमी दिसतो. पण त्याचं कारण गांजाच आहे की ते लोक मुळात तरुण, कमी पिणारे, वेगळं जगणारे आहेत हे त्यातून सांगता येत नाही, आणि त्याच्या जिवावर कुठलाही डॉक्टर वजनासाठी गांजा लिहून देणार नाही. ओढल्यावर नाडी चांगली वीस ते पन्नासने वाढते, त्यावर व्यायाम करायचा म्हणजे हृदयाला दुप्पट भाडं. धूर तो धूरच, फुप्फुसाला त्यातलं झाड कळत नाही. आणि वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांत काहींना उलट्यांचा एक चमत्कारिक आजार होतो, तासन्‌तास उलट्या, गरम पाण्याखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरतं बरं, त्यातही वजन उतरतं पण त्याला फिटनेस कोण म्हणेल! कायदा तुमच्याकडे काय म्हणतो तो भाग आणखी वेगळा.

माझं साधं म्हणणं असं आहे की तुमचा मित्र बारीक झाला कारण त्याने आठवड्याचे हजार-बाराशे कॅलरीचे पेग आणि त्यामागची रात्री दीडची जेवणं सोडली. त्याने त्या जागी बासरी वाजवायला घेतली असती तरी तो बारीक झाला असता.

आणि बारीक म्हणजे फिट असंही नाही, हे त्या मित्राला नाही तर इतर वाचकांना उद्देशून आहे. खूप वर्षं खूप पिणारा माणूस कित्येकदा वाळत जातो, कारण तो जेवणाऐवजी पितो. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र टणक गोल, ही चरबी नसून पोटात पाणी झालेलं असू शकतं, लिव्हरची गोष्ट खूप पुढे गेल्याची खूण, तिथे वजनकाटा बघत बसायचं नसतं, डॉक्टरकडे जायचं. कोकेन, मेथ यांसारख्या उत्तेजक ड्रग्जनेही भूक मरते आणि वजन धडाधड उतरतं, पण उतरतो तो स्नायू, आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच, त्यात दारू आणि कोकेन एकत्र असेल तर लिव्हरमध्ये दोघांचं मिळून तिसरंच एक विष तयार होतं जे हृदयाला आणखी वाईट. ज्यांनी हे सगळं सोडलंय आणि आता भूक लागतेय, गोड खावंसं वाटतंय, वजन वाढतंय म्हणून धास्तावलेत त्यांना एवढंच सांगते की पहिले काही महिने डाएटच्या भानगडीत पडू नका. आत्ताचं काम न घेणं हे आहे. सिगरेट सोडणाऱ्यांचंही पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, तरीही सोडणंच फायद्याचं ठरतं.

आता ती गोळी. तुम्ही लिहिलंय, "नाव माहीत नाही, पण नॅचरल आहे म्हणतो." माझ्या पोटात गोळा आला हे वाचून. नाव नसलेली वस्तू तुम्ही ॲपमध्ये कशी नोंदवणार होतात? अशा पुड्यांमधून काय निघू शकतं ते सांगते. क्लेनब्युटेरॉल, जे मुळात दम्याचं औषध, घोड्यांनाही देतात, आणि फॅट जाळायला म्हणून चोरून घेतात, हात थरथरतात, छाती धडधडते. एफेड्रा, जे अमेरिकेत २००४ मध्ये डाएटच्या गोळ्यांतून बंद केलं, आणि ते तर झाडपाल्याचंच होतं, पूर्ण नॅचरल! आणि सगळ्यात भयंकर म्हणजे डीएनपी. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार या रसायनाच्या संपर्कात आले, त्यांना ताप यायचा, वजन उतरायचं, काही मेले. ते बघून १९३३ मध्ये अमेरिकेत ते चक्क वजनाचं औषध म्हणून विकायला लागले. काम काय करतं, तर पेशींमधलं इंधन जाळतं पण त्यातून ताकद बनू देत नाही, सगळी नुसती उष्णता. माणूस आतून भाजतो अक्षरशः. मोतीबिंदू झाले, मृत्यू झाले, १९३८ मध्ये ते माणसाच्या खाण्याला नालायक ठरवलं गेलं. त्यावर उतारा आजही नाही, आणि तरी ते ऑनलाइन मिळतं आणि लोक अजूनही मरतात. तुमच्या जिममधल्या माणसाच्या हातात हेच आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्या हातात काय आहे हे त्यालाही माहीत नसण्याची शक्यता भरपूर आहे. नाही म्हणा. विनय दाखवत "बघतो" असंही म्हणू नका, तो परत विचारेल.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते. तुम्ही ब्रँड बदलायला तयार आहात, सोडा बदलायला तयार आहात, जेवण सोडायला, रविवारी धावायला, धूर ओढायला, अनोळखी गोळी गिळायला तयार आहात. पेग सातचे तीन करू का, हा प्रश्न मात्र अख्ख्या पत्रात नाही. मी आरोप करत नाहीये, आठवड्याला दोनदा पिणारे लाखो लोक आहेत. पण का नाही विचारलात, हे जरा एकट्याने बसून बघा. कदाचित उत्तर तुमच्या ता. क. मध्येच आहे. पत्राचा खरा विषय लोक ता. क. मध्ये लिहितात असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

एकटं न पिता बसलं की कसंतरी वाटतं, यात खोटं काही नाही. ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, "काय रे, डॉक्टरने सांगितलं का?" पण हा चेव पहिली पंधरा मिनिटं टिकतो, त्यानंतर तुमच्या ग्लासात काय आहे इकडे कोणाचंच लक्ष नसतं, दुसऱ्या पेगनंतर तर त्यांना स्वतःच्या ग्लासाचंही नसतं. त्या पंधरा मिनिटांची सोय करा. आल्या आल्या हातात ग्लास पाहिजे, सोडा आणि बर्फ, कारण रिकामा हात दिसला की भरला जातो. कारण एकच आणि छोटं, "सध्या बंद आहे," पुढे स्पष्टीकरण नाही, स्पष्टीकरण दिलं की वाद सुरू होतो. आणि एका मित्राला आधीच खाजगीत सांगून ठेवा, एक तरी माणूस आपल्या बाजूचा लागतो.

माझी सूचना अशी की चार आठवडे पूर्ण बंद करून बघा. कायमचं नाही, प्रयोग म्हणून. बाकी काही बदलू नका, जिम तेच, खाणं तेच, फक्त ती कोरी पानं आता भरायची. मोजायचं काय, तर सोमवारी सकाळचं वजन, नाभीच्या रेषेत कमरेचा घेर, आणि सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच एक मिनिट नाडी. पहिल्या आठवड्यात काटा खाली गेला तर ते बरंचसं पाणी असेल, हुरळू नका, नाही गेला तर खचू नका. घेर आणि नाडी जास्त खरं बोलतात. आणि डॉक्टरकडे एकदा रक्त तपासून घ्या, लिव्हर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), साखर, थायरॉइड, कारण काटा अडकायला दारू हेच एकमेव कारण असतं असंही नाही आणि मी इथे बसून तुमचा थायरॉइड सांगू शकत नाही. दारूमुळे लिव्हरवर चरबी चढलेली असेल तर ती सुरुवातीच्या टप्प्यात बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरायला लागते, हे तुम्हाला चांगलं वाटावं म्हणून सांगतेय आणि ते खरंही आहे.

चार आठवडे जमणारच नाही असं वाटत असेल तर निदान शुक्रवार सोडा. शनिवारी दोन पेग, मापाने भरलेले, नीट जेवून झाल्यावर, तहान आधी पाण्याने भागवून. उपाशी बसायचं नाही. इतकं केलंत तरी सातचे दोन झाले आणि दीड दिवस हातात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलंय की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, कॅन्सरच्या बाजूने बघता, त्यामुळे दोन पेग "हेल्दी" आहेत असं माझं नाव सांगून कोणाला सांगू नका. सातपेक्षा दोन बरे, एवढंच.

हे वाचून रोज पिणाऱ्या कोणी जोशात येऊन उद्यापासून एकदम बंद करायचं ठरवलं असेल तर थांबा. सकाळी हात थरथरतात, न घेतल्यास घाम फुटतो, घोट घेतल्यावरच बरं वाटतं, असं असेल तर स्वतःच्या मनाने एका झटक्यात सोडणं धोक्याचं आहे, पहिल्या दोन दिवसांत आकडी (फिट) येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं, औषधं असतात त्याला. इन्शुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असाल तर उपाशीपोटी पिणं म्हणजे रात्रीत साखर एकदम खाली जाण्याची भीती, आणि घरचे समजतात झिंगून झोपलाय. आणि बायकांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो, त्यामुळे नवऱ्याइतकेच पेग घेतले की रक्तात जास्त चढते, त्यात "सवय नाही" असं काही नसतं.

काटेराव, चार आठवड्यांत तिसऱ्याच शनिवारी हात ग्लासाकडे गेला तर स्वतःला शिव्या घालू नका, पण तेही लिहा, किती वाजता, कोण होतं, मनात काय चाललं होतं. दोन-तीन प्रयत्नांत जमलंच नाही तर मग विषय वजनाचा राहिला नाही, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ती घेऊन डॉक्टरकडे जा, किंवा मला लिहा.

तोवर या शनिवारपासून सुरुवात, प्यायलात तरी आणि नाही प्यायलात तरी. पान भरा. पुढच्या पत्रासोबत मला मंगळवारची वाटी नको, रात्री दीडची एंट्री पाठवा.